बंद दाराआडून आलेली ओ

आधी उंदीर मेले. दिवसाढवळ्या झिंगल्यासारखे बिळातून बाहेर यायचे, जागच्या जागी फिरायचे आणि माणसाच्या पायाशी येऊन पडायचे. ते उचलून गावाबाहेर पुरायचं काम आम्हा महारांकडे आलं, कारण गावात मेलेलं जनावर लहान असो की मोठं, आमच्याच वाट्याचं. माझा नवरा रोज सकाळी टोपली घेऊन जाई. आठवडा गेला तशी टोपली भरून येऊ लागली. मग माणसांना ताप येऊ लागला. काखेत नाहीतर जांघेत लिंबाएवढी गाठ यायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस संपायचा.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. धारूरच्या डोंगराच्या अंगाला आमचं गाव. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एक दिवस तालुक्याहून सरकारी शिपाई घोड्यावरून आला, पण वेशीच्या आत शिरला नाही. नाकाला रुमाल लावून त्यानं बाहेरूनच हुकूम सांगितला आणि माझ्या नवऱ्यानं तो दवंडी पिटून गावभर नेला. दोन दिवसांत गाव खाली करा, माळावर खोपी घालून राहा, सरकार सांगेल तेव्हाच परत या.

दोन दिवस नुसत्या गाड्या चालल्या. धान्याची पोती, पाळणे, देव, बांधलेली कोंबडी, सगळं माळाच्या वाटेनं गेलं. माझ्या नवऱ्याला खोपी घालायला आणि लाकूडफाटा ओढायला वेठीला धरलं, तोही माळावर गेला. शेवटची गाडी निघाली तेव्हा पाटील आमच्या वस्तीपासून बरेच लांब उभे राहिले आणि त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. त्या वर्षी येसकराची पाळी आमच्या घरी होती. म्हणजे वेस राखायची, गावात फिरती घालायची.

"समदे चालले," पाटील म्हणाले. "तू गाव राख."

"आन आमी कुठं जायाचं, मायबाप?"

"तुमी कावून जायाचं? हुकूम गावाला हाय. तुमी कुठं गावात ऱ्हाता?"

सासरे "जी" म्हणाले. घरी येऊन त्यांनी हे सासूला जसंच्या तसं सांगितलं. सासू चुलीपुढं होती. तिनं जाळ मागं ओढला. मग मला म्हणाली, "उद्यापून तू ह्यांच्यासंगं जायाचं. काठी धरून चालायचं. गावात कशाला बी हात लावायचा न्हाई. भिताडाला सुदिक न्हाई."

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. ऊन-सावली तेवढी कळायची. येसकराच्या घुंगराच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या, असे आम्ही रोज दुपारच्या फिरतीला निघायचो.

रिकामं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही. गल्ल्यांत पाचोळा साचला. माणसांमागं कुत्री गेली, दाणा नाही म्हणून चिमण्या गेल्या. अंगणांतल्या तुळशी उभ्या वाळल्या. ज्या घरांत माणूस दगावलं त्या दारांवर हुकमाप्रमाणं डांबराची फुली मारली होती, आणि उन्हानं ते डांबर ओघळून खाली उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आडावर पोहरा तसाच पडला होता, दोरासकट. आम्ही त्या आडाजवळ कधी गेलो नव्हतो. कुणी वाढेल म्हणून घागर घेऊन लांब बसायचो, नाहीतर ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी भरायचो. आता तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी थांबले तशी काठी थांबली.

"काय बघतीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय न्हाई, मामा."

"मग चल."

त्यांनी वेशीपाशीच वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. गावातून वहाणा घालून चालायची आम्हाला चाल नव्हती. मी म्हटलं, "मामा, हितं कोन बघतंय? पाय भाजत्याल." पहिल्या घरापुढं आल्यावर त्यांनी काठी आपटली, घुंगरं वाजली, आणि ते नेहमीसारखे कमरेत वाकून म्हणाले, "जोहार मायबाप. येसकर हाय. समदं ठीक हाय."

दाराला कुलूप होतं. ते पुढच्या दारी गेले. तिथंही वाकले. "जोहार मायबाप. येसकर हाय." असं प्रत्येक दारापुढं. डांबराच्या फुलीपुढंसुद्धा. त्यांची हाक गल्लीच्या त्या टोकाला जाऊन परत यायची आणि मला वाटायचं, पलीकडच्या गल्लीत दुसरा कुणी येसकर फिरतोय.

वेशीबाहेर आल्यावर मी विचारलं, "घरात कुनी न्हाई, तर जोहार कुनाला?"

ते पायांत वहाणा सरकवत म्हणाले, "पोरी, पाठीला वाकायची सवं हाय म्हनून ती दुकत न्हाई. म्हैनाभर ताठ ऱ्हायलो आन मंग वाकाया गेलो, तर चेहऱ्यावर दिसंल. त्यास्नी ते लगीच दिसतं."

मला तेव्हा हे पटलं नाही. रागच आला. आता माझं वय त्यांच्याहून जास्त आहे. मुलाच्या पाटीवर, चाळिशी उलटल्यावर, मी अक्षरं गिरवली आणि त्याच अक्षरांनी हे लिहिते आहे. तो राग अजून गेलेला नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं होतं असंही म्हणवत नाही.

सहाव्या दिवशी आम्ही कुलकर्ण्याच्या दारी आलो. मोठं दार, कडीला हातभर कुलूप. सासरे वाकले. "जोहार मायबाप. येसकर हाय. समदं ठीक हाय."

आतून आवाज आला, "ओ."

बारीक आवाज होता. घशात माती असावी तसा. सासऱ्यांनी काठी पुढं ढकलली. "मागं बघू नगं," ते पुटपुटले आणि आम्ही चालू लागलो. ऊन असं होतं की भिंतींना सावली नव्हती. गल्लीच्या टोकाला ते एकदम थांबले.

"ऐकलंस?"

"ऐकलं, मामा."

त्यांनी तोंड पुन्हा गल्लीकडं वळवलं. मग म्हणाले, "भूत हाक मारतं. भूत ओ देत न्हाई. मागं चल."

आम्ही घराच्या पाठीमागं गेलो. तिथं परसात उघडणारी एक लहान खिडकी होती, लाकडी गजांची. गजांमागं एक डोकं दिसलं. केस नसलेलं. खाली तांबडं आलवण. ती कुलकर्ण्याची विधवा चुलती होती. काकू पैठणला गंगेवर गेल्या, असं त्यानं गाव सुटताना सगळ्यांना सांगितलं होतं.

तिनं काख वर करून दाखवली नाही, पण हात अंगापासून लांब धरला होता, त्यावरून मला कळलं. गाठ आली म्हणून तिला आत ठेवून कुलूप लावलं होतं. बरोबर नेली असती तर शिपायांनी सगळं घरच आजाऱ्यांच्या तंबूत टाकलं असतं. एक घागर पाणी आणि थोड्या लाह्या ठेवल्या होत्या. पाणी संपलं होतं.

"पाणी," ती म्हणाली.

सासरे दोन पावलं मागं सरले. "आईसाब, आमी महार. आमी कसं द्यावं?"

"कोण ते ठाऊक आहे मला. रोज ऐकते तुझी हाक."

"मंग आजपत्तुर ओ कावून दिली न्हाई?"

तिनं गजाला कपाळ टेकलं. "मला वाटलं मी मेलेय. मेल्यावर हेच ऐकू येत असेल."

सासऱ्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. त्यांना मी दिसत नव्हते, तरी त्यांनी बघितलं. मी काठी त्यांच्या हातात दिली, धावत घरी गेले आणि झिऱ्याच्या पाण्याचं मडकं घेऊन आले. तिनं गजांतून ओंजळ बाहेर काढली. मी मडकं उंच धरलं. आमच्या ओंजळीत असंच ओततात, भांड्याला हात लागू नये म्हणून. दुसरी रीत मला माहीतच नव्हती. अर्धं पाणी तिच्या मनगटांवरून खाली गेलं.

"खाली धर गं," ती म्हणाली. "सांडतंय."

मी मडकं खाली आणलं. तिच्या बोटांना ते टेकलं. ती पीत राहिली.

घरी हे सासूला सांगितलं तेव्हा तिनं आधी माझ्या पाठीत एक रट्टा घातला. मग सासऱ्यांपुढं उभी राहिली. "डोळं गेलं तशी अक्कल बी गेली का? ती मेली तर आपून मारली म्हनत्याल. जगली तर आपून बाटवली म्हनत्याल. कुलूप तोडलं तर चोरी. माळावर जाऊन सांगितलं तर तुमी तिच्या खिडकीपाशी कशाला गेल्ताव? ह्याच्यात आपल्या सुटायची वाट दाखवा मला."

वाट नव्हतीच. कुलकर्णी लिहील ते खरं, आणि आमच्या बाजूचं कुणी लिहिणारं नव्हतं.

तरी मी जात राहिले. सासरे पुढच्या दारी जोहार घालायचे, तेवढ्यात मी परसात जाऊन भाकरी आणि पाणी देऊन यायचे. सासूनं भाकरी मोजली नाही. मी एक जास्त थापते हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

गाठ फुटली आणि काकूचा ताप उतरू लागला. ती बोलू लागली. अकराव्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती त्याच घरात होती. सकाळी उजेडायच्या आत ओढ्यावर जायचं, कुणाच्या समोर यायचं नाही, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसायचं. गावात चाळीस वर्षं राहून तिनं बाजारपेठ पाहिली नव्हती. मी म्हटलं, "म्या बी न्हाई पायली. आमी कडंकडंनं जाताव." त्यावर ती हसली. दात नसलेलं हसू, गजांमागं.

ती मला विचारायची, बाहेर काय आहे? मी सांगायची. पाचोळा. फुल्या. वाळलेल्या तुळशी. एकदा ती म्हणाली, "शेजारी कोण दळतंय गं? रोज दुपारी जातं चालतं."

"शेजारी कुलूप हाय, आईसाब."

"तरीच ओवी नाही म्हणत ती. नुसतं दळते."

मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. पण त्यानंतर मीही त्या भिंतीपाशी आले की पाय उचलून चालायची, आणि एक-दोनदा मलाही ती घरघर ऐकू आली. तापलेल्या कौलांचा आवाज असेल. मी सासऱ्यांना विचारलं नाही.

मग मलाच ताप आला. गाठ नव्हती, पण अंग विस्तवासारखं. चार दिवस मी गोठ्यात घोंगडीवर पडून होते. शुद्ध आली की एकच गोष्ट डोक्यात यायची, ती मेली असेल. पाचव्या दिवशी उठता येताच भिंती धरत मी परसात गेले. ती खिडकीशी बसली होती. आधीपेक्षा बरी दिसत होती.

"काल बोलली का नाहीस?" तिनं विचारलं.

"काल म्या आले न्हवते."

"आलीस की. चारही दिवस आलीस. डोईवरून पदर ओढून. भाकरी ठेवायचीस आणि निघून जायचीस. मी म्हटलं, रागावली."

खिडकीच्या कट्ट्यावर भाकरीचा कोर होता. ज्वारीची, जाड, आमच्याकडं थापतात तशी.

घरी आले. सासू चुलीपुढं होती. मी काही विचारायच्या आत तिनं तव्यावरची भाकरी उलथली. "म्याच गेल्ते," ती म्हणाली. "केलेली भाकर वाया कशाला घालवायची."

"चार दिवस?"

"तीन. चवथ्या दिशी तुझा ताप लई चढला व्हता. म्या उंबऱ्याभाईर पाय टाकला न्हाई."

मी म्हटलं, "ती तर चार म्हनती." ती म्हणाली, "म्हातारी तापलेली हाय. तिला दिसांचा काय पत्ता." आणि तिनं पुढची भाकरी घेतली. तसंच असणार. मी तसंच मानत आले आहे.

सव्वा महिन्यानं परतीचा हुकूम आला. कुलकर्णी सगळ्यांच्या आधी एकटाच आला. घरापुढं उभा राहिला, पण कुलपाला हात लावेना. त्यानं सासऱ्यांना बोलावलं आणि किल्ली जमिनीवर टाकली.

"आत काही मेलं असेल. मांजर-बिंजर. तू आधी जा आणि उचलून बाहेर काढ."

मेलेलं आमच्या वाट्याचं. म्हणून त्या उंबऱ्यातून आत जायला सासऱ्यांना परवानगी मिळाली, उभ्या जन्मात पहिल्यांदा. मी काठी धरून पुढं झाले तर त्यांनी मला थांबवलं. "तू हितंच ऱ्हा." त्यांनी चाचपडत कुलूप काढलं आणि भिंतीला हात न लावता, काठीनं चाचपत, ते अंधारात गेले. आतून घुंगरं ऐकू येत होती. मग थांबली. कुलकर्ण्यानं उपरणं नाकाला लावलं होतं.

सासरे बाहेर आले. वाकले. "मायबाप, मांजर न्हाई. आईसाब हायेत. बसल्यात."

"बसल्यात म्हणजे?"

"जित्या हायेत."

कुलकर्ण्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, तो मी रस्त्याच्या पलीकडून पाहिला. एव्हाना माळावरच्या गाड्या गावात शिरू लागल्या होत्या. माणसं थांबली, गर्दी झाली. काकू स्वतःच्या पायांनी दारात आली. उजेडानं डोळे मिटले, मग उघडले. मी मागं सरून सासूपाशी जाऊन उभी राहिले. शेवटी पाटलांची म्हातारी आई पुढं झाली. "काकू, सव्वा महिना तुमी खाल्लं काय?"

काकू गर्दीकडं बघत होती. गर्दीच्या मागं, जिथं आम्हाला उभं राहायची मुभा होती, तिथं तिची नजर आली आणि थांबली. सासूनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"देणाऱ्यानं दिलं," काकू म्हणाली.

पाटलांची आई तिच्या पायावर पडली. तिच्यामागं दुसरी. शेवटी कुलकर्णीसुद्धा जमिनीला कपाळ लावून पडला, आणि त्याचे खांदे हलत होते ते भक्तीनं नव्हे.

संध्याकाळी त्या घरात गोमूत्र शिंपडलं. सासऱ्यांची पावलं उमटली होती तेवढी जमीन उकरून पुन्हा सारवली.

त्या दिवसापासून काकू देवी झाली. मंगळवारी लांबलांबून बाया यायच्या. तिला ओसरीवर चौरंग मिळाला, दुधाची वाटी मिळाली. जिला पाहिलं की शुभकार्याला निघालेली माणसं माघारी फिरायची, तिच्या पायाचं तीर्थ आता लोक बाळंतिणीला पाजत होते. ती फारसं बोलायची नाही. ते न बोलणंच लोकांना भिववायचं. एका मंगळवारी तिनं डोळे मिटून सांगितलं, "येसकराला शिळं देऊ नका." आणि सहा महिने, बरोबर सहा महिने, येसकर म्हणून दारोदार मागताना आमच्या टोपल्यात गरम भाकरी पडली. मग लोक विसरले.

मी एकदा तिला गाठलं. परसात लाकडं टाकायला गेले होते आणि ती खिडकीशी आली. तेच गज होते, दार मात्र उघडं होतं.

मी म्हटलं, "तुमी नाव घेतलं असतं तर?"

"तर मला आडात ढकललं असतं," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुमची घरं पेटवली असती."

ते खरं होतं. सासूनं हेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत. तरी मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"देवी व्हनं बरं हाय मंग," मी म्हटलं.

तिला ते लागलं. तिनं गजावरचा हात काढला. "बाई गं, आधी मला कुणी शिवत नव्हतं. आताही नाही शिवत." एवढंच म्हणून ती आत गेली. आम्ही पुन्हा बोललो नाही. चार वर्षांनी ती वारली. सरणाला लाकडं आमच्याच माणसांनी फोडून वाहिली आणि आम्ही चितेपासून ठरलेल्या अंतरावर उभे राहिलो. जिथं तिला जाळलं तिथं लोकांनी शेंदूर लावून एक दगड बसवला. आमची सावली त्यावर पडू नये म्हणून वाट थोडी लांबून वळवली.

सासू-सासरे गेल्यावर आम्ही गाव सोडलं. नवऱ्याला मोमिनाबादेत, छावणीच्या घोड्यांच्या पागेत काम मिळालं. तिथं नळावर एक बाई भेटली, केजेकडची. कोणतं गाव विचारलं, मी सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली.

"म्हंजी देवीचं गाव. सव्वा म्हैना अन्नपान्याबिगर ऱ्हायली ती?"

"हो. तेच."

"तुमी पायलंय तिला?"

माझी घागर भरून वाहत होती. मी ती कडेवर घेतली.

"पायलंय," मी म्हटलं. "लांबून."